मॅकवर विंडोजचं सॉफ्टवेअर: एक्सई राहू द्या, आधी केबलीतली चिप बघा

एपेव्हरचा ट्रेसर मालिकेतला सोलर चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत बेताने भरणारं यंत्र, आणि त्याला जोडायची लिथियम बॅटरी, अशी जोडी जमवली की व्होल्टेजची सेटिंगं बदलावीच लागतात. कंट्रोलरवरच्या बटणांनी ठरावीक बॅटरी प्रकार निवडता येतात. प्रत्येक आकडा आपल्या मनासारखा टाकायचा तर सोबतचं रिमोट मीटर, मोबाइल ॲप किंवा कंपनीचं ‘सोलर स्टेशन मॉनिटर’ लागतं. हे शेवटचं फक्त विंडोजवर चालतं आणि टेबलावर असतो मॅक. मग प्रश्न येतो: ही एक्सई, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रामची फाइल, मॅकवर उघडेल का?

बहुतेक वेळा उघडते. मेनू दिसतात, आलेखाची रिकामी चौकट दिसते, सगळं झकास वाटतं. घोडं पेंड खातं ते ‘कनेक्ट’ दाबल्यावर. यंत्राबरोबर येणारं कुठलंही सॉफ्टवेअर, मग ते सोलरचं असो, वॉकीटॉकीचं, तापमानाच्या लॉगरचं की हजेरीच्या मशीनचं, दोन पायांवर उभं असतं. एक पाय म्हणजे पडद्यावर दिसणारा प्रोग्राम, दुसरा म्हणजे केबलीशी बोलणारा ड्रायव्हर. पहिल्या पायाची सोय मॅकवर चार-पाच तऱ्हांनी होते. दुसऱ्याची होईल की नाही हे केबलीतली चिप ठरवते. म्हणून काहीही डाउनलोड करण्याआधी चिप ओळखा.

केबल मॅकला लावा. ॲपल सिलिकॉनचा, म्हणजे एम१ किंवा त्यापुढच्या चिपेचा, लॅपटॉप आणि मॅकओएस व्हेंचुरा किंवा पुढचं असेल, तर ‘ॲक्सेसरी जोडू द्यायची का’ असं विचारलं जातं. तिथे घाईत नकार दाबला गेला तर केबल मॅकला दिसतच नाही आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. परवानगी दिल्यावर ऑप्शन की दाबून धरून ॲपल मेनू उघडा, ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मध्ये जा आणि डावीकडे यूएसबी निवडा. आपल्या केबलीसमोर व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी दिसतील. व्हेंडर ०४०३ म्हणजे एफटीडीआय. १०सी४ म्हणजे सिलिकॉन लॅब्ज, बहुधा सीपी२१०२. १ए८६ म्हणजे सीएच३४० घराणं, स्वस्त केबलींत सर्रास सापडणारं. ०६७बी म्हणजे प्रोलिफिक. एपेव्हरची स्वतःची यूएसबी-आरएस४८५ केबल (आरएस४८५ म्हणजे यंत्रांनी तारांवरून बोलायची एक पद्धत) ०४ई२ आणि १४११ दाखवते. ती एक्सारची चिप आहे, आणि तिच्याकडे आपण पुढे येऊच, कारण खरी गोम तिथेच आहे.

यादीत काहीच आलं नाही तर केबल फक्त चार्जिंगची असू शकते किंवा मधला सी-टू-ए अडॅप्टर डेटा नेत नसेल. सॉफ्टवेअरला दोष देण्याआधी हे दोन्ही बदलून पाहा.

आता मॅक कुठला ते बघा. इंटेलचा असेल तर बूटकॅम्पने, म्हणजे ॲपलच्याच सोयीने, खरंखुरं विंडोज टाकता येतं आणि मूळ ड्रायव्हर जसेच्या तसे चालतात. पण बूटकॅम्पमध्ये अधिकृतपणे विंडोज १० पर्यंतच सोय आहे आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र जोडण्यापुरतं, इंटरनेट बंद ठेवून वापरायला हरकत नाही. त्यावर बँकेचे व्यवहार मात्र करू नका. एम१ आणि त्यापुढच्या मॅकवर बूटकॅम्प नाहीच. तिथे रस्ते उरतात दोन: वाइन, म्हणजे विंडोज न टाकता विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, नाहीतर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, विंडोज ११ ची एआरएम (ॲपल सिलिकॉनच्या जातीच्या प्रोसेसरची) आवृत्ती.

वाइनचा रस्ता बऱ्याच जणांना उगाच दुय्यम वाटतो. साध्या सीरियल पोर्टवर (विंडोज ज्याला ‘कॉम’ म्हणतं) चालणाऱ्या प्रोग्रामसाठी तोच जास्त सरळ आहे. कारण वाइनमध्ये विंडोजचा ड्रायव्हर मुळी लागतच नाही. केबलीशी मॅकओएसचा स्वतःचा ड्रायव्हर बोलतो, वाइन फक्त त्या पोर्टला ‘कॉम३’ वगैरे नाव देऊन प्रोग्रामसमोर ठेवतं. एफटीडीआय, सीएच३४० आणि सीपी२१०२ या तिन्ही चिपांचे ड्रायव्हर अलीकडच्या मॅकओएसमध्ये आधीपासूनच असतात. म्हणून वाइनमध्ये प्रोग्राम टाकताना सेटअपने ‘यूएसबी ड्रायव्हर टाकू का’ विचारलं तर नाही म्हणा. टाकून उपयोग नाही, उलट काही इन्स्टॉलर तिथेच लटकतात.

पैसे देऊन क्रॉसओव्हर, म्हणजे वाइनचीच विकतची आवृत्ती, घ्या किंवा फुकटचं वाइन वापरा, पोर्टची जोडणी दोन्हीकडे सारखीच. टर्मिनल उघडा आणि ‘डेव्ह’ फोल्डरातल्या ‘सीयू’ने सुरू होणाऱ्या नोंदींची यादी काढा, एकदा केबल काढून, एकदा लावून. दुसऱ्या यादीत जी जास्तीची नोंद दिसते ती तुमची केबल. ‘टीटीवाय’ने सुरू होणारी तशीच एक नोंद शेजारी दिसेल, ती घेऊ नका. ती पलीकडून कॅरियरचा सिग्नल येण्याची वाट बघत बसते, आणि तीन तारांच्या केबलीवर तो सिग्नल कधीच येत नाही. नोंदीचं पूर्ण नाव, पुढच्या तिरप्या रेघांसकट, कॉपी करून घ्या. हाताने टाइप करायला गेलात तर एखादी आडवी रेघ हमखास सुटते.

मग वाइनचं ‘रेजएडिट’, म्हणजे सेटिंगांची वही (रेजिस्ट्री) बदलायचं साधन, उघडा. एचकी लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात वाइन, त्यात ‘पोर्ट्स’ नावाची की. नसेल तर तयार करा. तिच्यात एक नवी स्ट्रिंग व्हॅल्यू घाला. नाव ‘कॉम३’, रोमन लिपीत आणि मोठ्या अक्षरांत. किंमत म्हणजे मघाशी कॉपी केलेलं नाव. जुने प्रोग्राम पोर्टच्या यादीत चार-आठ नावांपलीकडे जात नाहीत, म्हणून आकडा लहान ठेवा. त्यानंतर त्या बाटलीतले, म्हणजे वाइनच्या त्या स्वतंत्र कप्प्यातले, सगळे प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करा. हे राहिलं की बदल वाचलाच जात नाही आणि ‘वाइनमध्ये सीरियल चालत नाही’ असा निष्कर्ष निघतो. नाचता येईना, अंगण वाकडं.

जोडणी आज चालली आणि उद्या तुटली, तर बहुधा केबल दुसऱ्या खाचेत लावली असेल. एफटीडीआयच्या चिपेत सहसा अनुक्रमांक असतो, त्यामुळे मॅक तिला प्रत्येक वेळी एकाच नावाने ओळखतो. साध्या सीएच३४० मध्ये तो नसतो. मॅक तिला खाचेच्या जागेवरून नाव देतो, खाच बदलली की नाव बदलतं आणि रेजिस्ट्रीतली नोंद पोरकी होते. खाचेवर चिकटपट्टीने खूण करून ठेवा किंवा एफटीडीआयची केबल घ्या.

वाइनची हद्द कुठे संपते तेही सांगायला हवं. काही प्रोग्राम कॉम पोर्टच्या वाटेने जातच नाहीत. एफटीडीआयची डीएलएल (प्रोग्रामची जोडफाइल) घेऊन ते थेट ड्रायव्हरला हाक मारतात, आणि वाइनमध्ये विंडोजचा ड्रायव्हर नसल्याने हाकेला ओ देणारं कुणी नसतं. प्रोग्रामच्या फोल्डरात एफटीडी२एक्सएक्स नावाची डीएलएल दिसली तर हीच शंका घ्या. हार्डवेअर लॉकवर, म्हणजे डोंगलवर, चालणारी डीटीपीवाल्यांची जुनी मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरं आणि डिजिटल सहीचे यूएसबी टोकन यांचीही वाइनमध्ये डाळ शिजत नाही. टोकनाच्या बाबतीत आधी कंपनीची मॅकसाठीची आवृत्ती आहे का ते पाहा, नसेल तर व्हर्च्युअल मशीनकडे वळा. आणखी एक: ॲपल सिलिकॉनवर वाइन रोसेटाच्या, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम चालवणाऱ्या ॲपलच्या दुभाष्याच्या, आधारावर चालतं, आणि सर्वसाधारण वापरासाठीची रोसेटा मॅकओएस २७ पर्यंतच राहील असं ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केलंय. ज्या मॅकवर हे काम बसवलंय त्याचं पुढचं मोठं अपडेट डोळे झाकून घेऊ नका.

व्हर्च्युअल मशीनसाठी पॅरलल्स, व्हीएमवेअर फ्युजन आणि यूटीएम हे तीन पर्याय. पॅरलल्स विकतचं, पण विंडोज स्वतःच उतरवून बसवतं, आणि एम१ व एम२ मॅकवर विंडोज ११ चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याला अधिकृत मान्यता दिली. फ्युजन नोव्हेंबर २०२४ पासून सगळ्यांना फुकट आहे, फक्त डाउनलोडसाठी ब्रॉडकॉमच्या साइटवर खातं उघडावं लागतं. यूटीएमही फुकट. यूटीएममध्ये पहिल्याच पडद्यावर ‘व्हर्च्युअलाइज’ आणि ‘एम्युलेट’ अशी दोन बटणं येतात. ‘आपला प्रोग्राम इंटेलचा आहे’ म्हणून लोक एम्युलेट दाबतात आणि मग विंडोज गोगलगाईच्या चालीने उघडतं. व्हर्च्युअलाइजच दाबा आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरची एआरएम६४ ची आयएसओ, म्हणजे विंडोज बसवायची फाइल, द्या. इंटेलसाठीचे प्रोग्राम विंडोज ११ एआरएम स्वतःच्या आत भाषांतर करून चालवतं, ३२ बिटांचे आणि ६४ बिटांचे दोन्ही. मशीनला ४ जीबी रॅम, दोन ते चार कोर आणि ६४ जीबीची डिस्क द्या. डिस्क फाइल लागेल तशी फुगते, पण मॅकवर तीसेक जीबी खरोखर मोकळी हवीच. ८ जीबीच्या मॅकवर हे चालवताना ब्राउझर बंद ठेवा.

हे भाषांतर प्रोग्रामपुरतंच असतं, ड्रायव्हरचं होत नाही. गाडं अडतं ते इथे. कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, बसणारा ड्रायव्हर एआरएम६४ चाच लागतो. आणि फसवणूक अशी होते की ड्रायव्हरची सेटअप एक्सई स्वतः एक साधा प्रोग्रामच असते. ती भाषांतरात छान चालते, हिरवी खूण दाखवते, ‘यशस्वी’ म्हणते. डिव्हाइस मॅनेजर उघडावं तर केबलीवर पिवळा त्रिकोण आणि कोड २८, म्हणजे ड्रायव्हर नाही.

ड्रायव्हर एआरएमचा आहे का हे सेटअप न चालवताही कळतं. ड्रायव्हरची झिप फोडा, आतली आयएनएफ (ड्रायव्हरची माहिती लिहिलेली) फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि वरच्या भागातला ‘मॅन्युफॅक्चरर’चा चौकटी कंस शोधा. त्याखालच्या ओळीत ‘एनटीएएमडी६४’ असेल तर तो इंटेल-एएमडीच्या ६४ बिटांचा. त्याच ओळीत स्वल्पविरामानंतर ‘एनटीएआरएम६४’ असेल तरच तुमचं काम होईल. असेल तर सेटअपच्या नादी न लागता डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या केबलीवर उजवी क्लिक, ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘माझ्या संगणकावर शोधतो’, आणि तो फोल्डर दाखवा. एफटीडीआय आणि सिलिकॉन लॅब्ज यांचे एआरएम६४ ड्रायव्हर मिळतात. बाकीच्यांच्या बाबतीत जाहिरातीवर नव्हे, आयएनएफवर विश्वास ठेवा.

केबल मशीनच्या आत पाठवणं सोपं. फ्युजनमध्ये ‘व्हर्च्युअल मशीन’ मेनूखाली, पॅरलल्समध्ये ‘डिव्हाइसेस’खाली यूएसबी आणि ब्लूटूथ, यूटीएममध्ये खिडकीच्या वरच्या पट्टीवर यूएसबीचं चिन्ह. आत गेली की ती मॅकच्या यादीतून नाहीशी होते, आणि तसंच व्हायला हवं, कारण एका वेळी एकच मालक. मॅकवरच्या एखाद्या प्रोग्रामने पोर्ट धरून ठेवला असेल तर आत जाताना अडखळते, तेव्हा तो आधी बंद करा.

आता एक्सारची ती केबल. तिची अडचण फक्त ड्रायव्हर असण्या-नसण्याची नाही. आरएस४८५ वर एकाच तारांच्या जोडीवरून बोलायचं आणि ऐकायचं असतं, आणि आळीपाळीने दिशा बदलण्याचं काम चिपेला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा म्हणजे एक्सारचा खास ड्रायव्हर. सर्वसाधारण ड्रायव्हर चिपेला मोडेम समजून पोर्ट उघडतो. पोर्ट दिसतो, उघडतो, चूक दाखवत नाही, आणि कंट्रोलर मात्र गप्प. लिनक्सवाल्यांनाही हाच अनुभव येतो आणि वेगळा ड्रायव्हर बांधून घ्यावा लागतो. मॅकवर त्या केबलीशी झगडण्यापेक्षा एफटीडीआय चिपेचा यूएसबी-आरएस४८५ अडॅप्टर घ्या, ज्यात दिशा आपोआप बदलते, आणि एक नेटवर्कची केबल कापा.

ट्रेसर एएन मालिकेच्या आरजे४५ खाचेत पिन १ आणि २ वर वीज असते, ३ आणि ४ वर बी, ५ आणि ६ वर ए, ७ आणि ८ वर ग्राउंड. नेहमीच्या टी५६८बी रंगसंगतीच्या केबलीत याचा अर्थ असा: पांढरी-निळी आणि हिरवी मिळून ए, पांढरी-हिरवी आणि निळी मिळून बी, तपकिरी जोडी ग्राउंड. नारिंगी जोडी वीज वाहते. तिच्या दोन्ही तारांची टोकं वेगवेगळी कापून इन्सुलेशन टेपने गुंडाळा, अडॅप्टरला चुकूनही लावू नका. इथे नेटवर्कच्या केबलीतल्या नेहमीच्या जोड्या मोडल्या जातात, निळी एकीकडे आणि पांढरी-निळी दुसरीकडे. रंग बघून सवयीने जोडी वळवू नका. केबल टी५६८ए ची असेल तर हिरवी आणि नारिंगी जोडी अदलाबदल झालेली असते, म्हणून प्लगच्या पारदर्शक टोकातून रंगांचा क्रम वाचा आणि कापलेल्या टोकावर मल्टिमीटरने वीज कुठल्या तारांवर येते ते तपासा. दुसरं मॉडेल असेल तर त्याच्या पुस्तिकेतला पिनांचा तक्ता प्रमाण. अडॅप्टर विलग म्हणजे आयसोलेटेड नसेल, तर जोडलेलं असताना मॅकचा चार्जर काढून ठेवा. ज्या कंट्रोलरमध्ये पॉझिटिव्ह सामाईक असतो, तिथे चार्जरच्या अर्थिंगमधून नको तो रस्ता तयार होऊ शकतो.

प्रोग्रामच्या पोर्टच्या सेटिंगात वेग ११५२००, डेटा ८ बिट, पॅरिटी नाही, स्टॉप बिट १. कंट्रोलरचा आयडी कुणी बदलला नसेल तर १. तरी उत्तर नाही आलं तर पहिला संशय ए आणि बीच्या अदलाबदलीवर. अडॅप्टर बनवणाऱ्यांत या दोन अक्षरांबद्दल एकमत नाही. दोन तारा उलटवून पाहा, त्याने काही जळत नाही. उत्तर येतं पण मधेमधे टाइमआउट होतो, आणि तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कॉम पोर्टच्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगात लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंदांवरून १ किंवा २ वर आणा. मॉडबसची, म्हणजे कंट्रोलरच्या बोलीतली, उत्तरं छोटी असतात. चिप डबा भरायची वाट बघत राहते आणि तेवढ्यात प्रोग्रामचा धीर सुटतो.

जोडणी झाली की आधी ‘रीड’, मग फोटो, मग ‘अपडेट’. रिकाम्या किंवा मूळच्या आकड्यांवर थेट अपडेट दाबलं की आधीची सेटिंगं गेली. बॅटरीचा प्रकार ‘यूजर’ ठेवल्याशिवाय व्होल्टेज बदलत नाहीत. आणि आकड्यांना उतरती भाजणी लागते: अतिव्होल्टेजला तोडण्याचा आकडा सगळ्यात वर, मग चार्जिंगची मर्यादा, मग इक्वलाइज, बूस्ट, फ्लोट आणि शेवटी बूस्ट पुन्हा सुरू करण्याचा. एक आकडा जरी या क्रमात बसला नाही तर कंट्रोलर बदल नाकारतो, आणि दोष बिचाऱ्या वाइनवर जातो. घड्याळ जुळवण्याचं बटण संगणकाची वेळ कंट्रोलरमध्ये लिहितं. झोपवून उठवलेल्या व्हर्च्युअल मशीनचं घड्याळ कधीकधी मागे असतं, तेव्हा कोपऱ्यातली वेळ बघूनच दाबा.

एक काम मात्र वाइन किंवा व्हर्च्युअल मशीनमधून करू नये: यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलणं. अपडेट सुरू झाल्यावर बरीच यंत्रं स्वतःला बंद करून वेगळ्या प्रॉडक्ट आयडीने पुन्हा प्रकट होतात. मॅकला ते नवं यंत्र वाटतं, तो ते स्वतःकडे ठेवतो, आणि आतलं विंडोज अर्धवट लिहिलेल्या फर्मवेअरकडे पाहत राहतं. त्या दहा मिनिटांसाठी कुणाचा तरी विंडोज लॅपटॉप मागून आणा.

रोजच्या रोज नोंदी घ्यायच्या असतील तर मागून आणण्यापेक्षा एक जुना विंडोज लॅपटॉप कंट्रोलरजवळच ठेवून द्या. त्यावर विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर मॅकवरच्या मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज ॲप’मधून तो दुरून उघडता येतो. तेच ज्याला २०२४ पर्यंत ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणत. लॅपटॉपची झोप बंद करा, झाकण मिटल्यावर ‘काहीच करू नको’ निवडा, आणि पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगांतलं यूएसबीचं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा. ते चालू राहिलं तर विंडोज रिकाम्या वेळी केबलीची वीज तोडू शकतं आणि सकाळी नोंदींत रात्रीचं भगदाड दिसतं.